ज्यांची नावं नोंदवली नव्हती

एचआयव्ही समुपदेशनाच्या टेबलाशी बसून मी आयुष्यभर जी वाक्यं बोलले, त्यांतलं एकही माझं नव्हतं. 'बाळाला वाचवता येतं.' 'आजच गोळ्या सुरू करू, थांबायचं कारण नाही.' 'औषध नेमानं घेतलंत आणि विषाणू दबलेला राहिला, तर तुमच्यापासून बायकोला लागण होत नाही.' ही वाक्यं मला परिपत्रकांतून आणि प्रशिक्षणांतून मिळाली. परिपत्रकांत ती आली संशोधनातून. आणि संशोधनात आली, कारण कुणीतरी आपलं रक्त, आपली वर्षं आणि आपल्या घरातली सर्वांत झाकलेली गोष्ट अनोळखी माणसाच्या स्वाधीन केली. त्या माणसांची नावं मला ठाऊक नाहीत, आणि ती ठाऊक असूही नयेत. पण माझ्या हातून जे काही बरं झालं ते त्यांच्यामुळे. हे ऋण कुठेतरी लिहून ठेवावं असं बरीच वर्षं मनात होतं.

समाजकार्याची पदव्युत्तर पदवी घेऊन मी २००२ साली दक्षिण महाराष्ट्रातल्या एका उपजिल्हा रुग्णालयात समुपदेशक म्हणून लागले. भाग ऊसतोडीचा, द्राक्षबागांचा, आणि महामार्गावर ट्रक चालवणाऱ्यांचा. संशोधन ही माझ्या लेखी पुण्या-दिल्लीच्या मोठ्या लोकांची गोष्ट होती. माणसाशी मायेनं बोलता आलं की समुपदेशन जमलं, अशी माझी तेव्हाची समजूत. आकड्यांत माणूस हरवतो, असं मला मनापासून वाटायचं.

आमच्याकडे आठवड्यातून एकदा त्वचा आणि गुप्तरोगांचे एक डॉक्टर येत. शांत, कमी बोलणारे. बाह्यरुग्ण विभाग आटोपला की चहा घेता घेता काही ना काही वाचत बसत. एके दिवशी त्यांनी थोड्या पानांची एक झेरॉक्स माझ्यापुढे ठेवली. 'जामा' या अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकात डिसेंबर १९९७ मध्ये आलेला तो शोधनिबंध होता. पुण्याजवळ भोसरीत तेव्हा राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था या नावाची संस्था होती, 'नारी' म्हणत तिला. तिथले डॉ. रमण गंगाखेडकर आणि त्यांचे सहकारी यांचं ते काम. कोरोनाच्या दिवसांत टीव्हीवर रोज दिसायचे ते हेच गंगाखेडकर. १९९३ ते १९९६ या काळात पुण्यातल्या गुप्तरोग दवाखान्यांत आलेल्या स्त्रियांची तपासणी त्यांनी केली होती. त्यांतल्या ३९१ जणी देहविक्रय करणाऱ्या नव्हत्या. बहुतेक संसारी, नवऱ्याशिवाय दुसऱ्या कुणाशी संबंध न आलेल्या. त्यांच्यात एचआयव्हीचं प्रमाण १३.६ टक्के निघालं होतं.

डॉक्टर म्हणाले, "हा आकडा नीट वाचा. मग समोर बसलेल्या बाईला काय विचारायचं नाही, ते तुम्हाला कळेल."

मला ते लगेच कळलं नाही. आमच्या प्रशिक्षणात 'जोखमीचे गट' शिकवले होते आणि त्या यादीत संसारी बाई नव्हती. पण टेबलापलीकडे रोज येत होती ती तीच. कपाळाला कुंकू, गळ्यात काळी पोत, ओटीपोटात दुखतंय म्हणून आलेली. छापील फॉर्मप्रमाणे तिला विचारायचं होतं, 'नवऱ्याशिवाय कुणाशी संबंध?' तो प्रश्न ऐकून किती जणींची मान खाली जायची! पुण्याच्या त्या ३९१ जणींनी हाच प्रश्न आधी सोसला होता आणि खरं उत्तर दिलं होतं. नवरा हीच त्यांची जोखीम होती. ते उत्तर शास्त्राच्या कागदावर उमटलं म्हणून मला पुढच्या बाईला वेगळ्या शब्दांत, वेगळ्या क्रमानं विचारता आलं. आधी नवऱ्याच्या कामाबद्दल, त्याच्या आजारपणांबद्दल, आणि तिची स्वतःची गोष्ट तिनं आपणहून सांगितली तरच.

एकदा एक सासू आपल्या विधवा सुनेला घेऊन आली. मुलगा नुकताच गेला होता. सून बाविशीची, तपासणीत पॉझिटिव्ह आलेली, आणि घरात तिला पांढऱ्या पायाची म्हणत. सगळं घर जाणून होतं, लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. सुनेला विचारून मी सासूशी बोलले. म्हटलं, "मावशी, पुण्याच्या डॉक्टरांनी शेकडो लेकीसुनांना तपासून लिहून ठेवलंय. हे दुखणं हिनं घरात आणलेलं नाही. हिला ते घरातच मिळालं." त्या माउलीचा मुलगा गेला होता, त्याच्याबद्दल हे ऐकणं तिला किती जड गेलं असेल याची मला जाणीव होती. ती काही बोलली नाही. पण पुढच्या महिन्यात सुनेबरोबर तीच आली, डबा घेऊन, आणि तिनं सुनेच्या गोळ्यांच्या वेळा मला दोनदा विचारून घेतल्या. माझी माया एकटी हे करू शकली नसती. माझ्या पाठीशी त्या ३९१ जणी होत्या.

गरोदर बायकांचं कामही तेव्हाच सुरू झालं होतं. युगांडातल्या कंपाला शहरात झालेला एक अभ्यास १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये आला. कळा सुरू झाल्या की आईला नेव्हिरापिनची एक गोळी, आणि जन्मल्यावर ७२ तासांच्या आत बाळाला त्याच औषधाचे थेंब. एवढ्यानं बाळाला होणारी लागण जवळजवळ निम्म्यावर आली. त्याआधी १९९४ साली अमेरिकेत आणि फ्रान्समध्ये सिद्ध झालेला उपाय आठवडेच्या आठवडे घ्यायच्या औषधाचा होता, आपल्या सरकारी दवाखान्याला न झेपणारा. कंपालाच्या गरीब आयांनी दाखवून दिलेला उपाय आपल्याला झेपला, आणि देशभरातल्या प्रसूतिगृहांत ती गोळी पोहोचली. आमच्या प्रसूतिगृहाच्या फ्रिजशेजारच्या कपाटात ती असायची. रात्री-अपरात्री नर्सताईंचा निरोप यायचा, "आपली बाई आलीये." मग मी सकाळ होईपर्यंत देवाला हात जोडून असायची.

पण पुढे थायलंड आणि बोट्सवाना इथल्या अभ्यासांतून कळलं की त्या एकाच गोळीमुळे आईच्या अंगातला विषाणू त्या औषधाला दाद देईनासा होऊ शकतो, आणि पुढे तिला स्वतःला औषधोपचार लागले की तिचंच नुकसान होतं. ज्या गोळीनं मूल वाचत होतं ती आईची वाट अडवू शकत होती. हे मला प्रशिक्षणात कळलं तेव्हा मी सुन्न झाले. डॉक्टर म्हणाले, "शास्त्र आपलीच चूक शोधतं म्हणून त्याच्यावर विश्वास ठेवायचा." त्याच सुमारास पुण्यात ससूनला, बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयाच्या पुढाकारानं, अंगावर पिणाऱ्या बाळांना सहा आठवडे नेव्हिरापिन देऊन पाहण्याचा अभ्यास झाला. इथिओपिया आणि युगांडाही त्यात होते. २००८ साली त्याचे निष्कर्ष आले. दूध तोडा असं गरीब आईला सांगणं म्हणजे बाळाला जुलाबानं मरायला सोडण्यासारखं, हे आम्ही रोज पाहत होतो. त्या प्रश्नाला कुणीतरी शास्त्राच्या शिस्तीनं हात घातला याचं मला फार समाधान वाटलं.

पुढचं पाऊल मलावीनं टाकलं. रक्तातल्या सीडी४ पेशी, म्हणजे प्रतिकारशक्ती, मोजायची यंत्रं गावोगाव नाहीत, म्हणून मोजत बसण्यापेक्षा पॉझिटिव्ह आलेल्या प्रत्येक गरोदर बाईला जन्मभराचे तीन औषधांचे उपचार लगेच सुरू करायचे, असं त्या छोट्या देशानं २०११ मध्ये ठरवलं. आपल्याकडे ते धोरण जानेवारी २०१४ पासून आलं. आमच्या टेबलावर 'आधी सीडी४ करून या' हे वाक्य गरोदर बायकांपुरतं त्या दिवशी संपलं. जिल्ह्याच्या गावाला जायला एसटीचं भाडं नाही म्हणून गळालेल्या किती बायका मी पाहिल्या होत्या. धोरण मोठ्या देशांतल्या मोठ्या प्रयोगशाळांतच घडतं असं नाही. आपली अडचण आहे तशी समोर मांडणाऱ्या एका गरीब देशाकडूनही ते शिकावं लागतं.

आता ज्या कामात माझाही हात लागला ते सांगते. ठरावीक केंद्रांवर साथीचं प्रमाण मोजणारं 'सेंटिनल सर्व्हेलन्स' दर फेरीला तीन महिने चाले. गरोदर बायकांच्या दवाखान्यात ओळीनं येणाऱ्या ४०० जणींचं, गरमीच्या तपासणीसाठी घेतलेलं रक्त उरलं की त्यातला थोडा भाग वेगळ्या नळीत जाई. नळीवर नाव नसे. सोबतच्या कागदावर वय, शिक्षण, कितवं बाळंतपण, नवरा काय करतो, शहरात राहता की खेड्यात, एवढंच. लॅबचे भाऊ नळ्या भरत, नर्सताई ओळ सांभाळत, आणि मी कागद भरायला मदत करी. नळी पॉझिटिव्ह निघाली तर ती कुणाची, हे कुणालाही, कधीही कळणार नव्हतं. मला हे फार टोचायचं. त्या ओळीत उभ्या असलेल्या एखाद्या पोरीला लागण आहे आणि आपण तिला सांगू शकत नाही!

डॉक्टरांशी मी यावर बराच वाद घातला. त्यांनी तो ऐकून घेतला. म्हणाले, "ज्यांना स्वतःसाठी तपासायचंय त्यांना तुमच्या खोलीचं दार उघडं आहे, तिथे प्रत्येकीला पाठवायचं काम आपलं. पण परवानगी घेऊन मोजलं तर जिला भीती आहे ती नाही म्हणेल, आणि नेमक्या जोखमीतल्या बायका मोजणीतून निसटतील. मग सरकार खोट्या आकड्यावर पैसे वाटेल." मी ऐकलं. समाधान पूर्ण झालं नाही, आजही झालेलं नाही. पण त्या दिवसांपासून ओळीतल्या प्रत्येक बाईला माझ्या खोलीत येऊन जा म्हणून सांगायचा मी नेम केला.

२००६ साली 'लॅन्सेट'मध्ये चंडीगडचे डॉ. राजेश कुमार आणि टोरोंटोचे डॉ. प्रभात झा यांच्या गटाचा निबंध आला. देशभरातल्या २१६ गरोदर-दवाखान्यांतल्या जवळजवळ ३ लाख बायकांच्या नोंदी त्यांनी तपासल्या होत्या. अशाच नळ्या, असेच कागद. महाराष्ट्र, कर्नाटक, आंध्र आणि तमिळनाडू मिळून १५ ते २४ वयाच्या गरोदर बायकांमधलं प्रमाण २००० साली १.७ टक्के होतं, २००४ मध्ये ते १.१ टक्क्यांवर आलं होतं. तरुण पोरींचं पाहायचं ते एवढ्यासाठी, की त्यांना झालेली लागण बहुधा नवी असते. ती कमी झाली याचा अर्थ साथीला खरोखरच कुठेतरी बांध बसतोय. देहविक्रय करणाऱ्या बायकांना बरोबर घेऊन चाललेलं निरोधचं काम, कोलकात्याच्या सोनागाचीत डॉ. स्मरजित जाना यांनी उभं केलेलं आणि आमच्या सांगलीत 'संग्राम' संस्थेच्या बायकांनी स्वतः गल्लोगल्ली फिरून केलेलं, हा बांध घालायच्याच वाटेवरचं. त्या बायकांना बदनाम करून साथ आटोक्यात आणायची भाषा तेव्हाही होती. हा निबंध वाचून मला त्या भाषेला उत्तर मिळालं.

सर्व्हेलन्सचे ते कागद भरताना मी किती वेळा कंटाळले असेन. त्यांतून धोरण घडतं हे दिसल्यावर मी वयाचा रकाना पुन्हा कधी अंदाजानं भरू दिला नाही. 'विशी-बाविशी लिहा' म्हणणाऱ्या बाईला मी थांबवून, ती कितवीत असताना लग्न झालं, गावात कुठली मोठी घटना झाली तेव्हा तिचा जन्म, असं विचारत वय काढायची. नर्सताई रागवायच्या. पण चूक वय म्हणजे त्या बाईनं दिलेल्या रक्ताचा अपमान, असं मला वाटायचं.

२००७ मध्ये देशाचा आकडाच बदलला. तिसऱ्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत घरोघर जाऊन एक लाखाहून अधिक स्त्री-पुरुषांचं रक्त तपासलं होतं. त्याचा आणि वाढवलेल्या सर्व्हेलन्स केंद्रांचा मेळ घातल्यावर ५० लाखांहून अधिक मानली जाणारी एचआयव्हीबाधितांची संख्या २५ लाखांच्या आसपास आली. आमच्यातल्या काहींना धास्ती वाटली. आता पैसे आटतील, पदं जातील. मला मात्र जाहीरपणे आपला आकडा दुरुस्त करणाऱ्या यंत्रणेबद्दल आदर वाटला. त्याच वर्षी सुरू झालेल्या राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमाच्या तिसऱ्या टप्प्यात सर्वांत जास्त जोखमीतल्या लोकांपर्यंत पोहोचण्यावर भर आला.

माझ्यावरचं सर्वांत मोठं ऋण मात्र १,७६३ जोडप्यांचं आहे. त्यांतली काही पुण्याची आणि काही चेन्नईची होती, बाकी आफ्रिका, ब्राझील, थायलंड, अमेरिका अशा ठिकाणची, एकूण नऊ देशांतली. 'एचपीटीएन ०५२' हे त्या अभ्यासाचं नाव. अमेरिकेचे डॉ. मायरन कोहेन त्याचे प्रमुख, आणि पुण्यात 'नारी'नं तो चालवला. प्रत्येक जोडप्यात एकाला एचआयव्ही होता, दुसऱ्याला नव्हता. प्रश्न असा होता की ज्याला लागण आहे त्याचा सीडी४ अजून बरा असतानाच उपचार सुरू केले, तर जोडीदार वाचतो का? अर्ध्यांना लगेच औषध मिळालं. अर्ध्यांना त्या वेळच्या नियमाप्रमाणे, म्हणजे सीडी४ खाली गेल्यावर किंवा आजार झाल्यावर. निरोध आणि समुपदेशन सगळ्यांना.

मे २०११ मध्ये अभ्यासाचा निकाल ठरलेल्या वेळेच्या आधीच जाहीर झाला. विषाणूची जनुकीय ओळख पटवून पाहिल्यावर जोडीदाराकडूनच लागण झालेले २८ जण निघाले. त्यांतले २७ जण उशिरा औषध सुरू झालेल्या गटातले. लवकर सुरू केलेल्या गटात फक्त एक. धोका ९६ टक्क्यांनी घटला होता. निकाल दिसताच उरलेल्या सगळ्यांना औषध देऊ केलं गेलं.

प्रशिक्षणात ही पाटी पडद्यावर आली तेव्हा सभागृहात टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या. आणि मग ते २७ मनात आले. सत्तावीस घरं. अभ्यास प्रामाणिक होता, नियमांत बसणारा होता, त्याच्याशिवाय जगाला पुरावा मिळाला नसता. सगळं खरं. तरी थांबायला सांगितलेल्या गटात ज्यांचं नाव निघालं आणि ज्यांच्या घरात या काळात लागण पोहोचली, त्यांच्यापुढे मी काय म्हणून उभी राहणार? कृतज्ञता या शब्दाला किती वजन असू शकतं, ते मला त्या दिवशी कळलं.

आपल्याकडे उपचार सुरू करण्याची सीडी४ची मर्यादा हळूहळू वर सरकत गेली, आधी साडेतीनशे, मग पाचशे. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१५ मध्ये सर्वांना लगेच उपचार द्या असं सांगितलं, आणि २०१७ मध्ये आपल्या देशानं ते धोरण स्वीकारलं. पुराव्यापासून माझ्या टेबलापर्यंत सहा वर्षं. औषधांचा पुरवठा, पैसा, एचआयव्हीची औषधं देणारी एआरटी केंद्रं, सगळ्या अडचणी मी जवळून पाहिल्या, म्हणून कुणाला दोष देत नाही. पण त्या जोडप्यांनी जे इतकी मोठी किंमत मोजून मिळवून दिलं ते पोहोचवायला सहा वर्षं लागणं मला आजही जास्त वाटतं.

२०१७ नंतरची एक आठवण सांगते. ट्रक चालवणारा एक तरुण, लग्नाला दोन वर्षं झालेली, तो पॉझिटिव्ह आणि बायको निगेटिव्ह. तिला माहेरी धाडायचं त्यानं मनाशी ठरवलेलं. मी त्याला गोळ्यांबद्दल सांगितलं, विषाणू दबला की नाही ते तपासून घ्यायचं सांगितलं, आणि तोपर्यंत निरोध. ती म्हणाली, "ताई, हे कुणी करून बघितलंय का, का नुसतं सांगताय?" मी म्हटलं, "बघितलंय बाई. पुण्याच्या जोडप्यांनी बघितलंय, आणि तुझ्यासाठी बघितलंय." ती राहिली. आज त्यांना एक मुलगी आहे, तिघांत एकट्यालाच लागण आहे, आणि तो नेमानं केंद्रावर येतो असं माझ्या जागी आलेली मुलगी सांगते.

निवृत्तीनंतर एका संशोधन संस्थेच्या नैतिक समितीत सामान्य नागरिकांची प्रतिनिधी म्हणून मला बोलावलं. नियमानं असा एक माणूस समितीत असावाच लागतो, डॉक्टर नसलेला, शास्त्रज्ञ नसलेला. माझ्याकडे येतात ती मराठीतली संमतिपत्रं. मी ती मोठ्यानं वाचते, जशी आमच्या ओळीतल्या बाईला वाचून दाखवावी लागली असती तशी. 'यादृच्छिक' असा शब्द आला की मी विचारते, चिठ्ठी टाकून ठरवणार असं सरळ का लिहीत नाही? आणि प्रत्येक वेळी, कंटाळा आला तरी, एक प्रश्न विचारतेच. अभ्यास संपल्यावर या माणसांना हे औषध मिळणार का, किती दिवस, आणि पैसे कोण देणार?

तरुण संशोधक कधी चिडत नाहीत, उलट लिहून घेतात. हाच प्रश्न आता एका नव्या औषधाबद्दलही आहे. २०२४ मध्ये दक्षिण आफ्रिका आणि युगांडातल्या तरुण मुलींमध्ये, एचआयव्हीची लागण रोखणाऱ्या लेनाकापाविरच्या अभ्यासाचा निकाल आला. सहा महिन्यांतून एकदा टोचायचं हे इंजेक्शन घेतलेल्या २,१३४ जणींपैकी एकीलाही लागण झाली नाही. ते स्वस्तात बनवायचा परवाना मिळालेल्या सहा कंपन्यांत आपल्या पुण्याची एम्क्युअर आहे. २०२७ पासून गरीब देशांना वर्षाला ४० डॉलरच्या आसपास किमतीत ते देण्याचं डॉ. रेड्डीज आणि हेटेरो या हैदराबादच्या कंपन्यांनी जाहीर केलंय. ज्या मुलींच्या पोटावर सुया टोचून हे कळलं त्यांच्या वस्त्यांत ते पहिल्यांदा पोहोचावं, आणि आमच्या ऊसतोडीच्या टोळ्यांपर्यंतही यावं, सहा वर्षं न लावता. पुढच्या बैठकीत याबद्दल बोलायची मी अध्यक्षांकडे परवानगी मागितली आहे.